बोट लागलं की उचल बाद

माझी थोरली जाऊ डूख धरते. सरळ सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की घरचं माणूस म्हणून मी झाकून ठेवलं. पाठीमागे लोक तिला नागीण म्हणतात. म्हणू देत! नागिणीच्या शेपटीवर पाय कोणी दिला, ते मात्र कोणी विचारत नाही.

आमचा धंदा टायरचा. झिजलेले टायर घ्यायचे, घासायचे, नवं रबर चढवायचं आणि परत विकायचे. तिचा नवरा आणि माझा नवरा, दोघे भाऊ, भट्टीपाशी. टायर उतरवणं, चढवणं, रचणं आम्हा दोघींकडे. दोघींकडे म्हणजे तिच्याकडेच. ट्रकचा टायर मी ढकलत नेते, ती उचलून नेते. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात मी तिला मागच्या चाकाचा टायर मांडीवर टेकवून झटक्यात खांद्यावर घेताना पाहिलं आणि मनाशी ठरवलं, बाई गं, हिच्याशी भांडायचं नाही. जावाजावांचं पटत नाही म्हणतात. आमचं पटतं, कारण मी पहिल्याच आठवड्यात शहाणी झाले.

आता दुसऱ्या माणसाकडे येते. आमच्या नणंदेचे यजमान, या घरचे जावईबापू. आम्ही नणंदेला वन्सं म्हणतो, त्या बिचाऱ्या गरीब गाय. जावईबापूंपुढे मात्र घरात कोणी ब्र काढायचा नाही, हा सासूबाईंचा कायदा. टायरच्या शेडला लागून आमचं एक मोठं गोदाम होतं, ते सासूबाईंनी जावईबापूंना जिम काढायला देऊन टाकलं. त्यांनी ते सजवलंही छान, खोटं कशाला बोलू? चारही भिंती चित्रांनी भरल्या. बर्फाच्या शिखरावर उभा गिर्यारोहक. दोन्ही पाय नसूनही धावणारा धावपटू. छोट्या होडीतून एकटीने समुद्र ओलांडणारी बाई. मानेच्या शिरा फुगवून वजन उचलणारे पैलवान. प्रत्येकाखाली लाल रंगात एक वाक्य, जावईबापूंनी स्वतः जुळवलेलं. ‘भीती संपते तिथून शिखर सुरू होतं.’ असली वाक्यं. माणूस बिचारा घाम गाळायला यायचा, आणि जावईबापू त्याला चित्रापुढे उभं करून त्या गिर्यारोहकाची बोटं थंडीने कशी काळी पडली ते सांगत बसायचे. अंगावरचा घाम वाळून जायचा, यांचा गिर्यारोहक अजून तंबूतच.

थोरली तिथे पहिल्यांदा गेली ती झाडू मारायला. घरचंच आहे, वहिनी, जरा बघाल का, असं जावईबापू म्हणाले आणि ती बघायला लागली. एका दुपारी जिममध्ये कोणी नव्हतं. तिने झाडू भिंतीला लावला, बेंचवर आडवी झाली आणि कोणीतरी अडकवून ठेवलेला रॉड प्लेटांसकट वर-खाली केला. मग उठून झाडू घेतला. मी दारात टायरला टेकून बघत होते, आणि माझ्या मागे जावईबापू बघत होते.

‘वहिनी,’ ते म्हणाले, ‘हे वजन माझ्या पोरांना झेपत नाही.’

त्यांनी तिला शिकवलं. हे त्यांच्या पदरात टाकायलाच हवं. श्वास कुठे घ्यायचा, पाय कसे रोवायचे, रॉड छातीवर कुठे टेकवायचा, सगळं शिकवलं. वर्षभरात तिची पाठ अशी झाली की शिंप्याने मापाची टेप दोनदा लावून बघितली. तिला बघून बाया यायला लागल्या. इस्पितळातली नर्स आली, पोस्टातली बाई आली, शाळेतल्या गणिताच्या बाई आल्या. थोरली पहाटे जिम उघडायची, झाडायची, बायांना शिकवायची, मग आमच्याकडे टायर उचलायची, संध्याकाळी परत जिम. जावईबापू भाषण द्यायचे. पगार वगैरे विषय नाही, घरचं माणूस ना!

तिला त्या चित्रांमधली होडीवाली बाई आवडायची. मी एकदा विचारलं, हीच का? तर म्हणाली, ‘एकटी गेली ते बरं केलं तिने. होडीत घरचं कोणी नव्हतं.’

तेव्हा हसलो आम्ही. तोवर काही घडलं नव्हतं.

मग गावात नवं क्रीडा केंद्र व्हायचं ठरलं आणि त्यांनी स्पर्धा ठेवली. बायकांच्या गटात जी पहिली येईल तिला केंद्रात बायकांची प्रशिक्षक म्हणून घेणार. पक्की नोकरी, स्वतःची खोली, दारावर स्वतःचं नाव. थोरलीला लग्न झाल्यापासून कोणी नावाने हाक मारलेली नव्हती. वहिनी, सूनबाई, ताई, टायरवाली. ती दारावरची पाटी तिच्या डोक्यात बसली. मला म्हणाली, ‘पितळेची असते का गं ती?’ मी म्हटलं, सोन्याची असेल, तू आधी उचल तर खरी.

आता इथे एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बेंचवर उताणं झोपून रॉड उचलताना डोक्यामागे एक माणूस उभा राहतो. त्याला सपोर्ट म्हणतात. उचलणाऱ्याचे हात गळाले तर रॉड मानेवर पडू नये, म्हणून तो असतो. पण स्पर्धेत त्याचं बोट जरी रॉडला लागलं, तरी ती उचल बाद. मग तुम्ही रॉड आभाळात नेलात तरी उपयोग नाही. आणि आपापल्या जिमने आपला सपोर्ट आणायचा, असं त्या स्पर्धेचं ठरलेलं होतं.

आमचा सपोर्ट अर्थात जावईबापू.

शेवटची उचल होती. त्याआधी दुसऱ्या जिमच्या एका पोरीने भारी वजन उचललं होतं, थोरलीला त्याहून जड लावावं लागलं. तिने रॉड छातीवर आणला आणि वर रेटला. अर्ध्याच्या वर गेल्यावर रॉड मंदावला. जड वजन तिथे मंदावतंच, त्यात नवल काही नाही. मी तिला रोज बघायची. रॉड तिथे थांबल्यासारखा व्हायचा, ती दात आवळायची आणि तो सरकत वर जायचाच जायचा. मी खुर्चीवरून अर्धी उठलेसुद्धा होते, टाळ्या वाजवायला. तेवढ्यात जावईबापूंनी दोन्ही हात घातले, रॉड ओढून घेतला आणि ओरडले, ‘पडत होता! पडत होता!’

लाल बावटा वर. उचल बाद.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! थोरलीसाठी नाही हो, त्यांच्यासाठी. बाईचा जीव वाचवला म्हणून. वर्तमानपत्रवाल्याने फोटो घेतला. थोरली बेंचवर तशीच पडून छताकडे बघत होती. मी जवळ गेले तर तिने एवढंच सांगितलं, ‘त्याने ओढायच्या आधीच खालून बोट लागलं. मी दात आवळायच्या आधी.’

घरी आल्यावर तिने सासूबाईंना हेच सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, काळजीपोटीच धरला ना त्यांनी? मेली असतीस म्हणजे?’ तिचा नवरा म्हणाला, ‘जाऊ दे, नशिबात नव्हतं.’ वन्सं रडायला लागल्या, मग सगळे त्यांनाच समजावत बसले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जावईबापू हसत हसत शेडमध्ये आले आणि म्हणाले, ‘वहिनी, बरंच झालं एका अर्थी. इथल्या बायांना तुमची किती गरज आहे! तुम्ही गेला असतात तर जिम कोणी सांभाळली असती?’

घ्या! केसाने गळा कापतात म्हणतात तो असा. माझ्या हातात टायर घासायचं मशीन होतं. ते चालू करून त्यांच्या बुटांवर धरावं असं मला अगदी मनापासून वाटलं. थोरलीने माझ्याकडे बघून मान हलवली. नको. मग त्यांना म्हणाली, ‘खरंय जावईबापू. मी कुठे जाणार?’

पण तेवढ्यावर भागलं असतं तर मी ही गोष्ट सांगायलाच बसले नसते. त्यांनी वर्तमानपत्रातला तो फोटो मोठा करून काचेत बसवला आणि भिंतीवर लावला. कुठे? गिर्यारोहक आणि होडीवाल्या बाईच्या मध्ये! खाली लाल अक्षरं: ‘विजयापेक्षा माणसाचा जीव मोठा.’ आणि नवीन कोणी आलं की भाषणात आता ही पण गोष्ट. ‘एका क्षणात निर्णय घ्यायचा होता. समोर पदक, इकडे एक जीव...’ थोरली मागे झाडत असायची. ज्या बाईचा जीव वाचवला तीच ही झाडणारी बाई, हे सांगायला ते कधी विसरायचे नाहीत. ती काच सुद्धा तीच पुसायची.

मी म्हटलं, ‘तू जातेस कशाला तिथे? थुंक त्या काचेवर आणि ये निघून.’

ती म्हणाली, ‘बोट लावलं ते मला त्याच्या तोंडून ऐकायचंय. आईंसमोर. ते ऐकल्याशिवाय मी हलत नाही.’

‘आणि तो सांगणार आहे! अगदी आरती ओवाळून सांगेल.’

‘सांगेल,’ ती म्हणाली. ‘त्याला तिथपर्यंत न्यायला लागेल.’

मला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. पण दुसऱ्या दिवसापासून तिने जे सुरू केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. जावईबापू बेंचवर झोपले, रॉडला हात घातला, की ही झाडू ठेवून त्यांच्या डोक्यामागे जाऊन उभी राहायची आणि गोड आवाजात विचारायची, ‘सपोर्ट देऊ का, जावईबापू?’

पहिल्या दिवशी ते दचकले. ‘नको नको वहिनी. आज हलकंच घेतोय.’

दुसऱ्या दिवशी पण हलकंच. तिसऱ्या दिवशी पण. ती एक दिवस चुकली नाही. ताप आला तरी जायची. आवाज चढवला नाही, टोमणा मारला नाही, डोळे मोठे केले नाहीत. फक्त तेवढं एक वाक्य, मधात बुडवून. बरं, रागवायचं तरी कशावरून? बाई मदत करायला येते! जावईबापूंनी वेळ बदलली, तिने वेळ बदलली. शेवटी ती आमच्याकडे टायर उचलत असेल तेव्हा ते दार आतून लावून व्यायाम करायला लागले. मी शेडमधून ती कडी लागलेली ऐकायची आणि हसून हसून माझं पोट दुखायचं. शिखर जिंकणारे महापुरुष कडी लावून वजन उचलतायत!

बाकी सगळ्यांना मात्र ती खरोखर सपोर्ट द्यायची, आणि असा द्यायची की विचारू नका. ती मागे असली की माणूस झोपेत सुद्धा वजन उचलेल. तिचा हात रॉडच्या खाली असायचा पण लागायचा नाही, आणि लागायला हवा तेव्हा चुकायचा नाही. नर्स म्हणायची, तू मागे असलीस की मला मान आहे हे मी विसरते. हळूहळू पुरुष सुद्धा तिलाच बोलवायला लागले. अशी वर्षं गेली. तिच्या कानामागे पांढरे केस आले. क्रीडा केंद्रात नोकरीसाठी जे वय लागतं ते तिने केव्हाच ओलांडलं. पाटी गेली ती गेलीच.

मग क्रीडा केंद्राला मुख्य प्रशिक्षक हवा झाला, आणि जावईबापूंनी अर्ज केला. केंद्राच्या मॅडम जिम बघायला येणार, शिकणाऱ्यांना उचलताना बघणार आणि शेवटी स्वतः उमेदवाराने स्पर्धेच्या नियमाने वजन उचलून दाखवायचं. जावईबापूंनी नवा रंग लावून घेतला. समोर खुर्च्या मांडल्या. जावयाचं कौतुक बघायला सासूबाई पहिल्या रांगेत, शेजारी वन्सं. मी मागे उभी होते, हात रबराने काळे तसेच घेऊन. धुवायला वेळच दिला नाही मी स्वतःला.

मॅडम उंच, कमी बोलणाऱ्या. त्यांनी सगळ्यांची उचल बघितली. प्रत्येक वेळी मागे थोरली. नर्स झाली, पोस्टातली बाई झाली, मग चार-दोन दांडगे पुरुष झाले. मॅडमचं लक्ष उचलणाऱ्यांपेक्षा तिच्या हातांकडेच जास्त होतं. मग जावईबापूंची पाळी आली. त्यांनी आपल्या एका पठ्ठ्याला मागे उभं राहायची खूण केली.

मॅडम म्हणाल्या, ‘त्यांना कशाला? या बाईच राहू द्या. इतका चांगला सपोर्ट मी बघितला नाही.’

‘वहिनी दमल्या असतील,’ जावईबापू म्हणाले.

‘मी? छे!’ थोरली म्हणाली.

जावईबापू झोपले. मी बाजूला सरकून बरोब्बर त्यांचा चेहरा दिसेल अशी उभी राहिले, हे सुख मी सोडणार होते थोडीच. थोरली डोक्यामागे आली आणि नेहमीसारखी उभी राहिली. तळवे रॉडच्या खाली, पण लांब. वर बघणाऱ्या माणसाला तिचा चेहरा उलटा दिसतो, हनुवटी वर आणि डोळे खाली. जावईबापूंनी रॉड उचलला, परत अडकवला. हात पुसले. परत उचलला, परत अडकवला. कपाळावर घाम डवरला, अजून एक किलो सुद्धा छातीवर आलेलं नाही तरी.

‘काय झालं?’ मॅडमनी विचारलं.

‘दुसरं कोणी द्या.’

‘का?’

‘या नकोत. कोणीही चालेल.’

‘अहो, पण का? सगळ्यांना दिला त्यांनी.’

इथे जावईबापू उठून बसले. पाचावर धारण बसलेला माणूस मी त्याआधी टायर फुटल्यावरच बघितला होता. ‘तुम्हाला माहीत नाही, मॅडम! ही बाई माझ्यावर डूख धरून आहे. मुद्दाम बोट लावेल. माझी उचल बाद करेल!’

‘मला दिसेल ना ते. मी समोर बसले आहे.’

‘नाही दिसत!’ ते जवळजवळ ओरडलेच. ‘तेच तर सांगतोय, कोणाला दिसत नाही! रॉड मंदावला की खालून नुसतं नख टेकवायचं, बास. मग दोन्ही हातांनी ओढायचा आणि पडत होता म्हणून ओरडायचं. पंचाला काय कळतंय? त्या वेळी तरी कुठे कळलं...’

आणि थांबले. उचलली जीभ लावली टाळ्याला, पण आता ती परत खाली यायला तयार नाही. शेडमधला भट्टीचा पंखा तेवढा घरघरत होता. मला ओरडावंसं वाटत होतं, बोला की आता! कोणीतरी बोला!

सासूबाई बोलल्या. त्या खुर्चीतच होत्या, पर्स मांडीवर. हळूच म्हणाल्या, ‘म्हणजे तेव्हा रॉड पडत नव्हता?’

जावईबापूंनी वन्संकडे बघितलं. वन्संनी आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याच्या नजरेतून नजर काढून घेतली.

‘नव्हता, आई,’ थोरली म्हणाली. तिने हात अजून रॉडच्या खालीच धरले होते, जणू बेंचवर अजून कोणी तरी उताणं झोपलेलं आहे.

मॅडम कागद गोळा करून निघून गेल्या. जागा बाहेरच्या कोणाला तरी मिळाली. त्या संध्याकाळी जावईबापू आमच्या घरी आले. एकटेच. वन्संनी यायचं नाकारलं होतं. थोरली अंगणात हातपाय धूत होती. ते तिच्यापुढे उभे राहिले, मान खाली घालून. मला त्यांची दया आली का? काडीची नाही.

‘वहिनी, माझं चुकलं,’ ते पुटपुटले. ‘मी मुद्दाम केलं.’

तिने हात पुसले. ‘काय म्हणालात?’

‘मी मुद्दाम केलं. तुम्ही जाल, जिम बंद पडेल, म्हणून. बोट मी लावलं.’

‘आई आत आहेत. त्यांना तिथवर ऐकू गेलं नसेल.’

त्यांनी परत सांगितलं, मोठ्याने. आत भांड्यांचा आवाज थांबला. मग तिने त्यांना नर्सच्या घरी जाऊन सांगायला लावलं, मग पोस्टातल्या बाईच्या घरी, मग गणिताच्या बाईंच्या. प्रत्येक दारात ती त्यांच्या मागे उभी होती, हात बांधून, आणि मी तिच्या मागे. गणिताच्या बाईंच्या दारात त्यांचा आवाज फुटला. परत येताना ते रस्त्यात थांबले, डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, ‘आता तरी माफ केलंत ना, वहिनी?’

‘छे हो,’ थोरली म्हणाली. ‘माफ कुठे? मला नुसतं ऐकायचं होतं.’